ससा मांडीवर गप्प बसतो, म्हणजे त्याला आवडतं का?

हिरवळ:
नमस्कार. बरेच दिवस इथले प्राण्यांचे धागे नुसते वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी गोंडा आला. वय आठ महिने, नर, नसबंदी झालेली, पांढऱ्या अंगावर राखाडी डाग. पिंजऱ्यात कोंडायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, त्यामुळे एक खोली त्याचीच आहे. खाणंपिणं व्यवस्थित.

रोज संध्याकाळी मी त्याला उचलून मांडीवर घेते. तो अगदी शहाण्यासारखा बसतो, हलत नाही, धडपडत नाही. मला वाटायचं, लळा लागला. पण खाली ठेवलं की सुसाट कपाटामागे. जाताना मागचे पाय असे झटकतो, जणू चिखलच लागलाय पायांना. मग आतून दाणकन पाय आपटल्याचा आवाज येतो आणि अर्धा तास बाबा बाहेर येत नाहीत. आवडत असेल तर पळतो कशाला, आणि आवडत नसेल तर मांडीवर गप्प कसा बसतो?

दुसरं म्हणजे, काल दुपारी खोलीच्या मधोमध बसला होता आणि बघता बघता धप्पकन कुशीवर कोसळला. पाय लांब, डोळे अर्धवट मिटलेले. मी किंचाळलेच. तो दचकून उठला आणि माझ्याकडे बघत राहिला. फिट वगैरे असेल का?

कुत्र्यामांजरांचं थोडंफार कळतं. याचं मला काहीच कळत नाही आणि त्याचा त्रास होतो.

सायंतारा:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तुम्ही घाबरला असाल. फिट आली तर अंग आखडतं, पायांना झटके बसतात आणि प्राणी हाकेला भानावर येत नाही. तुमचा गोंडा आवाजासरशी उठून बसला. त्याने नुसतं अंग टाकलं होतं. सशाला निर्धास्त वाटलं की तो हळूहळू आडवा होत बसत नाही, एकदम कोसळतो. आमच्या भुरीने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी तिच्या छातीला हात लावून श्वास बघितला होता. दोन महिन्यांत, भिंतीचा आडोसा सोडून मधोमध पडला, म्हणजे ती खोली त्याने आपली मानलीय. पुढच्या वेळी श्वास चालू आहे एवढं लांबून बघा आणि झोपू द्या त्याला.

बिळाबाहेर:
अकरा वर्षं घरात ससे आहेत, त्यावरून लिहितो. हिरवळताई, गोंडा मांडीवर बसत नाही, थिजतो.

उचलणं म्हणजे काय हे सशाच्या बाजूने बघा. पाळीव ससे सगळे युरोपातल्या रानसशांचे वंशज, जमिनीत बिळं करून कळपाने राहणाऱ्या. त्या सशाचे पाय दुसऱ्या कुणामुळे जमिनीवरून सुटतात ते शिकाऱ्याने धरलं की. मग त्याच्या हातात दोन गोष्टी उरतात, लाथा झाडून सुटायचं नाहीतर निपचित पडून राहायचं. गोंडा दुसरी करतोय, म्हणून तुम्हाला तो शहाणा वाटतो.

आज त्याला उचलू नका. तो आपणहून पडेल तेव्हा लांबून नीट बघा आणि मग मांडीवरचा गोंडा आठवा. निवांत सशाचं अंग जमिनीवर पसरतं, पोट सैल पडतं, मागचे पाय एका बाजूला किंवा सरळ मागे. कान पाठीवर असतात पण ढिले. नाक सावकाश हलतं, झोप लागली की थांबतंसुद्धा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही, ससे उघड्या डोळ्यांनी झोपू शकतात, त्यामुळे डोळ्यांवरून झोप ओळखायला जाऊ नका, नाकावरून ओळखा. घाबरलेल्या सशाचं अंग गोळा झालेलं असतं. पंजे रुतवलेले, डोळे बाहेर आल्यासारखे, कडेला पांढरी रेघ दिसते, कान मानेला घट्ट चिकटलेले. नाक एकतर भरभर नाहीतर एकदम थांबलेलं.

म्हणजे बघा, कान दोन्हीकडे मागेच आहेत आणि नाक दोन्हीकडे थांबू शकतं. एकटा कान किंवा एकटं नाक बघून निष्कर्ष काढला की फसायला होतं. मी सगळ्यात आधी पाठ बघतो. पाठीची कमान ताणलेली आहे की मऊ, हे जरा सवय झाली की खोलीच्या दारातूनही कळतं.

पाय झटकत जाणं ही सरळ नाराजी. पाय आपटणं वेगळं, तो धोक्याचा इशारा. बिळात खाली असलेल्या सोबत्यांना जमिनीतून कळावं म्हणून रानातले ससे असा पाय आपटतात. तुमच्या घरात बिळातलं कुणी नाही, तरी तो इमानाने सांगतोय की इथे धरपकड होते.

अजून एक. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं आणि वरचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचा आणि हनुवटीखालचा थोडा भाग दिसत नाही. आपण नेमका तिथेच हात नेतो, हुंगायला. तो हात त्याच्यासाठी अचानक उगवतो. बाजूने, दिसेल असा न्या आणि कपाळावर ठेवा.

उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. कान धरून कधीही नाही. सशाची सगळी हाडं मिळून वजनाच्या सात-आठ टक्केच भरतात, मांजराची बारा-तेरा. उलट मागच्या पायांत जोर प्रचंड. हवेत लाथ मारली तर स्वतःच्याच लाथेने कणा मोडू शकतो. हे मी भीती घालायला सांगत नाही, असं होतं म्हणून सांगतो.

खिडकीतलंऊन:
बिळाबाहेर यांचं पटलं, पण सगळे ससे सारखे नसतात असं मला वाटतं. आमच्या ढोल्याला उताणा करून बाळासारखा धरला की दोन मिनिटांत झोपतो. पोटावर हात फिरवला तरी हलत नाही. त्याची नखं आम्ही तशीच कापतो, त्याला ते मनापासून आवडतं.

कानोसा:
मी पशुवैद्यक आहे, सशांचे बरेच पेशंट बघते. खिडकीतलंऊन, तुमचं ढोल्यावर प्रेम आहे हे दिसतंच आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ती झोप नव्हे. उताणं धरलेला ससा ज्या अवस्थेत जातो, ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडण्याची अवस्था. अशा सशांचे हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजून झाली आहेत. बाहेरून शांत दिसणाऱ्या सशात ती वाढलेली सापडतात. नखांसाठी एकाने जमिनीवरच टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून धरावं, दुसऱ्याने एकेक पंजा बाहेर काढून कापावं. एका दिवसात एकच पंजा झाला तरी चालतं.

आता धागा निघालाच आहे तर दुखण्याविषयी लिहिते, कारण उशीर होतो तो इथे. आजारी दिसलेला प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून ससा दुखणं लपवतो, आणि माणूस समोर आला की अधिकच लपवतो. माझ्या टेबलावर ससा टवकारून बसतो, घरचे म्हणतात ‘आत्ता बरा दिसतोय’. म्हणून मी नेहमी सांगते, फोन एका जागी ठेवून, तुम्ही खोलीबाहेर जाऊन दहा मिनिटांचं चित्रीकरण करा आणि ते मला दाखवा.

त्यात चेहरा बघायचा. सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कानावर खूण गोंदताना सशांचे चेहरे टिपून ती बनवली होती. तिच्यात पाच गोष्टी बघतात: डोळे किती आवळलेत, गालांची गोलाई जाऊन ते चपटे झालेत का, नाकपुड्या टोकदार झाल्यात का, मिश्यांची ठेवण कशी आहे आणि कान कसे वळलेत. मला घरच्यांकडून पहिल्या दोन कळल्या तरी पुरतं. त्याबरोबर पोट जमिनीला दाबून बसणं, दर मिनिटाला जागा बदलणं, खाण्यापर्यंत जाऊन तोंड न लावता परत येणं.

दातांचा आवाज नीट ऐकायला शिका. कपाळ चोळताना दात अगदी हलके किटकिटतात, हनुवटी थरथरते, ते सुख. कुणी हात लावलेला नसताना कोपऱ्यात गोळा होऊन दात करकरा वाजवणं, ती वेदना.

आणि हे कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सशाने बारा तास काही खाल्लं नाही, किंवा लेंड्या थांबल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, आणि त्याला उलटी करता येत नाही. ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर बारा मिनिटंही थांबू नका. ससे नाकानेच श्वास घेतात, तोंड उघडलं म्हणजे परिस्थिती हाताबाहेर चाललीय.

जुनेपान:
डॉक्टर, हे चार वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर.

आमची रुई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आदल्या दिवशी आम्ही तिची खोली आवरली, तिचा जुना खोका काढून नवा ठेवला. ससे रुसतात, पाठ फिरवून बसतात हे वाचलेलं होतं. आम्ही म्हटलं, खोक्यावरून रुसलीय, येईल उद्या. गवत तसंच होतं, पण वाडग्यातलं थोडं कमी झालंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तिथे पोट न तपासता ‘घाबरलीय, शांत राहू द्या’ असं सांगून परत पाठवलं. रात्री गेली.

नंतर फोनमधले आधीच्या दिवशीचे फोटो बघितले. डोळे आवळलेले होते. गाल बसलेले होते. सगळं दिसत होतं आणि आम्हाला वाचता येत नव्हतं. रुसलेला ससा पाठ फिरवतो, पण त्याचा एक कान तुमच्याकडे वळलेला असतो, आणि हवा असलेला खाऊ आला की तो वळतो. रुई वळली नव्हती. एवढाच फरक होता, तो इथे लिहून ठेवतो.

सायंतारा:
वाईट वाटलं. लिहिलंत हे बरं केलंत. तो कानाचा फरक मी कधी लक्षात घेतला नव्हता.

खिडकीतलंऊन:
डॉक्टर, काल रात्री ढोल्याला न उचलता बराच वेळ बघत बसलो. तो जमिनीवर झोपतो तसा माझ्या हातात कधीच झोपला नाही हे खरं. उताणं धरणं बंद. टॉवेलने एक पंजा झाला आज.

चांदणगोंदण:
आमची मादी सहा महिन्यांची आहे. आजवर गुणी होती. आता पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरते, पुढच्या पायांनी थपडा मारते, परवा चावली. बाहेर मोकळी असली की तीच माझ्या पायाभोवती गोल गोल फिरते, ‘हूं हूं’ करत. गेल्या आठवड्यात गवत तोंडात धरून कोपऱ्यात नेत होती आणि गळ्याखालचे केस उपटत होती. नर जवळपासही नाही. काय समजू?

बिळाबाहेर:
वयात आलीय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून हे सुरू होतं आणि बरेच लोक ‘ससा बिघडला’ म्हणून याच वयात तो सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण थोडे महिने कळ काढली आणि नसबंदी केली की तोच प्राणी निवळतो.

पिंजरा तिच्या लेखी बीळ आहे. बिळात घुसणाऱ्याला हुसकावणं हे मादीचं कामच. ती बाहेर असतानाच साफसफाई करा आणि आत हात घालून तिला ओढून काढू नका, दार उघडा, येईल. पायाभोवती फेऱ्या आणि हूं हूं हे माजावर असल्याचं लक्षण.

कानोसा:
केस उपटून घरटं करणं म्हणजे बहुधा खोटा गर्भ. साधारण सोळा ते अठरा दिवस चालतो, मग आपोआप जातो. घरटं मोडू नका, पुन्हा केस उपटेल. ती खातेय ना एवढं बघा. खरा गर्भ तीस ते बत्तीस दिवसांचा. ‘नर नाही’ म्हणताय, पण सोबत दुसरा ससा असेल तर त्याचं लिंग एकदा तपासून घ्या. लहान सशांचं लिंग ओळखण्यात चुका फार होतात. हे निवळलं की नसबंदीचं बोलायला सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे जा.

ओलीवाट:
आमचा लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र आहे. लांब बघताना मान डावी-उजवी डोलवतो. घरात सगळ्यांना वाटतं त्याला काहीतरी झालंय.

कानोसा:
लाल डोळ्यांच्या सशांची नजर अधू असते. मान डोलवून ते समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घेतात. डोलवून झाल्यावर मान सरळ होते ना? मग चिंता नाही. मान एका बाजूला कलून तशीच राहिली, किंवा तो एकाच दिशेने गोल फिरू लागला, पडू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

पाऊलखूण:
ज्यांचे कान लोंबते आहेत त्यांच्यासाठी: कानाचं टोक बघू नका, मूळ बघा. आमच्या मोत्याचे कान कायम खालीच, पण लक्ष वेधलं की मुळाशी एक वळी पडून कान पुढे सरकतो. ते ओळखायला मला वर्ष लागलं.

अवांतर होईल, पण मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. उघड्या माळावर राहणारा लांब पायांचा ससा बीळ करत नाही, त्याची पिल्लं अंगभर केसांनिशी आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं आंधळी, उघडी, बिळात. माळावरचा पळून वाचतो, हा बिळात शिरून. म्हणून घरातल्या सशाला पळायला नुसती मोकळी जागा देऊन भागत नाही. शिरायला अंधारा खोका लागतो, आणि त्याला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलं की तो कोंडीत सापडल्यासारखा आत बसून राहतो.

हिरवळ:
तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद लेकीने वहीत उतरवून घेतलेत, बारा तासांची ओळ फ्रीजवर लावलीय.

मांडी बंद केली. दोन तोंडांचा खोका ठेवला. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागे असतात म्हणून संध्याकाळचीच वेळ धरली आणि रोज जमिनीवर पालथी पडून पुस्तक वाचत राहिले, त्याच्याकडे न बघता. पहिले चार दिवस कपाटामागून नुसतं नाक दिसायचं. पाचव्या दिवशी आला. आला म्हणजे कसा, मागचे पाय आहे तिथेच, अंग रबरासारखं लांब, मान पुढे, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मिश्या. मी श्वास सोडला तेवढ्यानेही मागे गेला.

नवव्या दिवशी पुस्तकाच्या कोपऱ्यावर हनुवटी घासली. मग चष्म्यावर. मग माझ्या कोपरावर. लेकीने वही काढून वाचून दाखवलं, हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात आणि ससा अशी आपली मालकी लावतो. मला फार बरं वाटलं.

परवा त्याने माझ्या हाताशेजारी डोकं जमिनीला टेकवलं आणि तसाच थांबला. मी बाजूने एक बोट नेलं, कपाळापासून कानांच्या मधोमध फिरवलं. डोळे लहान होत गेले. मग तो आवाज ऐकला, डॉक्टरांनी लिहिलेला, अगदी हलका, लांबून कुणी मूठभर तांदूळ चाळावेत तसा. बोट थांबवलं तर नाकाने हाताला ढुशी दिली. दोनदा.

सायंतारा:
डोकं टेकवणं म्हणजे ‘मला चाटून काढ’ ही मागणी. ससे एकमेकांसमोर तसंच करतात. तुम्ही बोटाने चाटलंत एवढंच!

बिळाबाहेर:
छान वाटलं वाचून. ताई, कपाटामागे अजून जातो का?

हिरवळ:
जातो, रोज. पण चालत जातो, पाय झटकत नाही. आणि काल पुढचे दोन पंजे माझ्या मांडीवर ठेवले, पुस्तक हुंगलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि उतरला. मी हात जमिनीवरच ठेवले होते.